भूमिवारसा, वऱ्हाडातील (यवतमाळ जिल्हा)

भूमिवारसा, वऱ्हाडातील : वऱ्हाडात, विशेषतः आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, ब्रिटिश अमलाच्या काळात उदयास आलेल्या वा स्थिरावलेल्या इजारदार, वतनदार व मोठ्या कास्तकार कुटुंबांमध्ये जमीन, गाव, वतन आणि तत्सम स्थावर मालमत्ता एका पिढीकडून दुसरीकडे संक्रमित होण्याची पद्धती. या पद्धतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी वारशाने जात : धर्मशास्त्राने ठरविलेला कुटुंबातील हिस्सा, सरकारी दप्तरातील नाव आणि जमिनीची प्रत्यक्ष वहिवाट. या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी क्वचितच एकवटत. धाकटे भाऊ, विधवा, मुली, कुळे व आदिवासी यांचे जमिनीविषयीचे बहुतेक तंटे या तफावतीतून उद्भवलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या प्रत्येक महसुली व वारसाविषयक कायद्याने या तिन्हींपैकी कोणत्या गोष्टीला अधिक वजन द्यावयाचे, हे नव्याने ठरविले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली दिला. १९०२ मध्ये तो कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडण्यात आला. तथापि त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व औपचारिक रीत्या कायम असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी (वून) जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याचे मुख्य ठाणे मात्र यवतमाळ येथेच होते. १९०५ मध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले, त्या वेळी वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका यास जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

या जिल्ह्याच्या सीमेवर तीन भूधारणपद्धती एकमेकींना भिडत होत्या. पूर्वेस वर्धा नदीपलीकडे मध्य प्रांतातील मालगुजारी होती. तेथे १८६० नंतरच्या जमाबंदीत गावाची मालकी मालगुजारास देण्यात आली होती व वारसांचे हिस्से गावाचे सोळा आणे कल्पून आणे-पैंत सांगितले जात. दक्षिणेस पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. तेथील जहागीर तत्त्वतः धारकाच्या मृत्यूनंतर राज्याकडे परत जाई व वारसास ती नव्याने मान्य करून घ्यावी लागे. ही पद्धत १९४९ मध्ये रद्द झाली. या दोहोंच्या मध्ये, वऱ्हाडात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील रयतवारी होती. येथे सारा सर्व्हे नंबरावर आकारला जाई व तो भरणारा खातेदार जमिनीचा धारक मानला जाई. एकाच घराण्याची मालमत्ता वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर असल्यास एका तीरावर वारसांना गावातील आणे मिळत, तर दुसऱ्या तीरावर सर्व्हे नंबर.

मळेवाल्यांच्या वारशाशी तुलना : वसाहतकाळातील मळेवाल्या कुटुंबांचे वारसाविषयक नियम त्या त्या राष्ट्राच्या कायद्याप्रमाणे भिन्न होते. इंग्रजी कायद्यात ज्येष्ठाधिकाराचे तत्त्व होते. मृत्युपत्र नसल्यास स्थावर मालमत्ता थोरल्या मुलाकडे जाई व ती वंशपरंपरेने बांधून ठेवण्याचीही सोय होती. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या तंबाखू मळेवाल्यांमध्ये ही पद्धत रूढ होती. तेथे वंशबद्ध मालमत्तेची पद्धत १७७६ मध्ये व ज्येष्ठाधिकार १७८५ च्या कायद्याने रद्द झाला. खुद्द इंग्लंडमध्ये तो १९२५ पर्यंत टिकून होता. पोर्तुगीज परंपरेत याउलट अपत्यांचा सक्तीचा हिस्सा मान्य होता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्याने वडिलांना आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते.

हिंदुस्थानातील युरोपीयांना १८६५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होता. त्यात ज्येष्ठाधिकार नव्हता. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेस व उरलेला सर्व अपत्यांस समान मिळे. आसामातील चहाचे अनेक मळे तर कुटुंबांऐवजी समाईक भांडवलाच्या कंपन्यांकडे होते (आसाम कंपनी, १८३९). त्यामुळे तेथे जमिनीऐवजी भाग वारशाने जात.

यवतमाळ जिल्ह्यात अशी युरोपीय मळेवाल्यांची घराणी निर्माण झाली नाहीत. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक. परंतु त्याची लागवड स्थानिक कास्तकारांच्या हाती राहिली आणि युरोपीय व्यापारी कापसाची खरेदी, सरकी काढणे व गाठी बांधणे या व्यवसायांत राहिले. तरीही मळेवाल्यांसाठी आखलेल्या धोरणाची छाया या जिल्ह्यावर पडली. लॉर्ड कॅनिंगच्या कारकीर्दीत, १८६१ मध्ये, पडीत जमिनी सवलतीने देण्याचे जे धोरण जाहीर झाले, त्याच विचारसरणीतून वऱ्हाडात १८६५ चे पडीत जमिनींचे नियम आले आणि त्यांतून इजारदार हा वर्ग उभा राहिला.

इजारा गावे : इजारा या शब्दाचा मूळ अर्थ महसूल वसुलीचा मक्ता. निजामी अमलात परगण्यांचे महसूल सावकारांकडे इजाऱ्याने वा तारण म्हणून दिले जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेस्तनजी यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाडातील काही भागांचे महसूल अशा प्रकारे होते. अशा इजाऱ्याला मुदत असे. त्यात वारशाने जाण्याजोगे फारसे काही नसे. १८६५ च्या नियमांनी या शब्दाला नवा आशय दिला. लढाया, दुष्काळ व जबर वसुली यांमुळे ओसाड पडलेली संपूर्ण गावे तीस वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने देण्यात येऊ लागली. आरंभी सारा अल्प असे व तो क्रमाने वाढे. ठरलेल्या प्रमाणात जमीन लागवडीखाली आणण्याची अट पाळल्यास मुदतीअखेर पट्टेदारास सवलतीच्या साऱ्यावर गावाची मालकी मिळविता येई. वणी जिल्हा डोंगराळ, जंगलव्याप्त व विरळ वस्तीचा असल्याने तेथे अशी गावे मोठ्या संख्येने दिली गेली. जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांना अद्यापि ‘इजारा’ हे पद जोडलेले आढळते.

पट्टा घेणाऱ्यांत परगण्यांचे जुने अधिकारी, सावकार व सधन कास्तकार होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव वाढल्याने पडीत जमीन फोडण्यासाठी लागणारा पैसा त्यांच्या हाती आला होता. इजारदाराने बाहेरून कुळे आणून वसविली; अनेक ठिकाणी आधीपासून राहणारे गोंड व कोलाम त्याची कुळे वा सालदार बनले. इजाऱ्याचा हक्क वंशपरंपरागत व हस्तांतरणीय होता. मूळ पट्टेदाराच्या मृत्यूनंतर तो मुलांकडे समान हिश्शांनी जाई. पण सरकारला सारा देण्यास जबाबदार धरावयाचा तो एकच इसम सोयीचा असल्याने दप्तरात बहुधा थोरल्या मुलाचे नाव येई. धाकट्या भावांचा हिस्सा घरात निर्विवाद असला, तरी कागदावर तो दिसत नसे.

इनाम व जहागीर गावांच्या बाबतीत निराळा नियम होता. त्यांचा वारसा मूळ सनदेच्या शर्तींनुसार चाले व पुष्कळदा तो मूळ इनामदाराच्या पुरुषवंशापुरताच मर्यादित असे. देवस्थान इनाम पूजा-अर्चेशी निगडित असल्याने त्याची वाटणी वा विक्री करता येत नसे. त्याच्या व्यवस्थेचा व उत्पन्नाचा उपभोग तेवढा वारशाने मिळे.

वतन व पाटीलकी : निजामी अमलापर्यंत परगण्याची वसुली देशमुख व देशपांडे हे वंशपरंपरागत अधिकारी पाहत. ब्रिटिश व्यवस्थेत तहसीलदार नेमले गेल्यावर त्यांचे काम संपले. त्यांचे हक्क रोख रकमेत परिवर्तित झाले व कालांतराने अधिकार जाऊन केवळ आडनाव व प्रतिष्ठा उरली. गावपातळीवरील पाटील व पटवारी मात्र टिकून राहिले. वऱ्हाड पाटील व पटवारी कायदा, १९०० याने त्यांच्या नेमणुका व वारसा यांचे नियमन केले. पाटलास वऱ्हाडात मुख्यतः वसूल केलेल्या महसुलाच्या प्रमाणात रोख मोबदला मिळे.

पाटीलकीच्या वारशात दोन तत्त्वे एकत्र नांदत. वतनावर संपूर्ण घराण्याचा हक्क मानला जाई, तर पद एकालाच मिळे. त्यामुळे वडीलकीचा मान, शाखांची पाळी व योग्यता यांवरून भाऊबंदांत तंटे होत. जमिनीची वाटणी होऊन वेगळ्या झालेल्या शाखाही पाटीलकीचा वारसा सोडावयास तयार नसत; कारण दप्तराशी निकटचा संबंध असल्याने कोणाचे नाव कोणत्या नंबरावर चढते, यावर पाटील व पटवारी यांचा मोठा प्रभाव असे. वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली.

अविभक्त कुटुंब व वाटणी : वऱ्हाडातील हिंदू कुटुंबांना मिताक्षरेचा महाराष्ट्र संप्रदाय लागू होता. त्यानुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलास जन्मतःच हक्क प्राप्त होई. बापाच्या हयातीतही तो वाटणी मागू शके आणि सर्व मुलांचे हिस्से समान असत. एखादा सहदायाद मरण पावल्यास त्याचा हिस्सा हयात सहदायादांकडे जाई. हक्क पुरुषांनाच जन्माने मिळत असल्याने मुलीला पोषण व विवाहखर्च यांपलीकडे वडिलोपार्जित जमिनीत काही नसे. मुलांची प्रत्यक्ष वाटणी झाली, तर आईला मुलाएवढा हिस्सा मिळे. वाटणी न झाल्यास तिला निर्वाहावर समाधान मानावे लागे.

समान वाटणीचा परिणाम साध्या हिशेबाने ध्यानात येतो. एखाद्या कुटुंबाकडे १२० एकर जमीन असून प्रत्येक पिढीत तीन मुलगे असल्यास दुसऱ्या पिढीत प्रत्येकास ४०, तिसऱ्या पिढीत सु. १३ व चौथ्या पिढीत सु. साडेचार एकर जमीन येते. मालगुजारीत वा इजाऱ्यात हिस्से लहान झाले तरी गाव एकसंध राहू शके. रयतवारीत मात्र विभाजन थेट वावरापर्यंत पोहोचे. शिवाय प्रत्येक भावाला भारी काळी व हलकी बरड अशा दोन्ही प्रतींच्या जमिनीत वाटा हवा असल्याने एकेका सर्व्हे नंबराचे अनेक पोटहिस्से होत. विहीर, बांधावरची झाडे, गोठा व वाडा बहुधा सामाईक राहत आणि तेच पुढील वादाचे विषय होत.

हे तुकडे परक्याच्या हाती जाऊ नयेत, यासाठी वऱ्हाडच्या जमीनमहसूल कायद्यात अग्रक्रयाधिकाराची तरतूद होती. १९२८ च्या वऱ्हाड जमीनमहसूल संहितेनुसार एकाच सर्व्हे नंबरातील सहधारकाने आपला हिस्सा तिऱ्हाइतास विकल्यास दुसऱ्या सहधारकास तो त्याच किमतीत मागता येई. सहधारक हे बहुधा भाऊबंदच असल्याने या हक्कामुळे जमीन घराण्यात राहण्यास साहाय्य होई. तथापि ज्याच्याजवळ रोख पैसा असे त्यालाच तो बजावता येत असल्याने सधन शाखा अधिक सधन होत गेली व निर्धन शाखा भूमिहीन झाली.

कर्जाचा वारसा : जमिनीबरोबर कर्जही वारशाने येई. बापाने अनैतिक कारणांसाठी न काढलेले कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होय, असे हिंदू विधी मानत असे आणि अशा कर्जासाठी अविभक्त कुटुंबाची जमीन सावकारास लिलावात काढता येई. रयतवारीत जमीन हस्तांतरणीय ठरल्यामुळे ती तारण ठेवता येऊ लागली. कापसाच्या तेजीत सढळपणे मिळालेले कर्ज मंदीत फिटेनासे झाले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम वऱ्हाडात मान्य असला, तरी मुद्दल व व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतल्यास तो निष्प्रभ ठरे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळल्यावर परिस्थिती बिकट झाली व मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३९ मध्ये कर्जनिवारण अधिनियम करावा लागला. पुत्राचे हे धर्मकर्तव्य कायद्याच्या दृष्टीने २००५ मध्ये संपुष्टात आले. त्यापूर्वीची कर्जे त्यातून वगळण्यात आली.

विधवा व दत्तक : निपुत्रिक धारकाच्या जमिनीचा वारसा हा वऱ्हाडातील दिवाणी दाव्यांचा एक नेहमीचा विषय होता. महाराष्ट्र संप्रदायात पतीने मनाई केलेली नसल्यास विधवेस त्याच्या स्पष्ट अनुमतीवाचून दत्तक घेता येई. विभक्त पतीची मालमत्ता तिच्याकडे हयातीपुरत्या मर्यादित हक्काने येई. कायदेशीर गरजेवाचून तिने केलेली विक्री पतीच्या पुढील वारसांना तिच्या मृत्यूनंतर आव्हानित करता येई. दत्तक घेतला म्हणजे जमीन दत्तकपुत्राची होई, शिवाय दत्तकविधानाचा परिणाम मृत पतीच्या मरणकाळापासून धरला जाई. त्यामुळे पुतण्यांकडे गेलेली जमीनही वर्षांनंतर परत मागितली जाऊ शके. साहजिकच विधवेने कोणाला दत्तक घ्यावे, यासाठी भाऊबंदांकडून तिच्यावर दडपण येई. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ याने दत्तकापूर्वी अन्य व्यक्तीकडे निहित झालेली मालमत्ता दत्तकामुळे काढून घेता येणार नाही, असे ठरवून हा वाद मिटविला.

हिंदू स्त्रियांच्या संपत्तिविषयक हक्कांचा १९३७ चा अधिनियम विधवेस मुलाएवढा हिस्सा देणारा होता. परंतु शेतजमिनीचा उत्तराधिकार हा प्रांतिक विषय असल्याने तो केंद्रीय अधिनियम शेतजमिनीस लागू होत नाही, असा अभिप्राय फेडरल न्यायालयाने १९४१ मध्ये दिला आणि शेतजमिनीकरिता प्रांतांना वेगळे कायदे करणे भाग पडले. मुसलमानांच्या बाबतीतही असेच घडले. १९३७ च्या शरीअत अधिनियमातून शेतजमीन वगळण्यात आली होती. ज्या मालमत्तेवर ग्रामीण कुटुंबाची सर्व भिस्त असे, नेमकी तीच स्त्रियांच्या हिताच्या सुधारणांतून आरंभी बाहेर राहिली.

स्वातंत्र्योत्तर भूसुधारणा : जुन्या मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या स्वामित्वहक्क निर्मूलन अधिनियमान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारीबरोबर वऱ्हाडातील इजारा, जहागीर यांसारखी गावेही शासनाकडे निहित झाली. इजारदाराकडे त्याच्या घरच्या वहितीतील जमीन राहिली व गेलेल्या हक्कांबद्दल त्याला नुकसानभरपाई मिळाली. जंगल, पडीत, गावठाण, तलाव व कुळांकडील जमीन यांवरील त्याचा हक्क संपला. पिढ्यान्‌पिढ्या जे ‘गाव’ म्हणून वारशाने जात होते, ते यापुढे केवळ काही सर्व्हे नंबर म्हणून जाऊ लागले.

त्याच वर्षी झालेल्या वऱ्हाड कृषिपट्टा विनियमन अधिनियमाने (१९५१) मक्त्याने जमीन कसणाऱ्यांस प्रथमच काही संरक्षण दिले. विदर्भासाठी १९५८ मध्ये झालेल्या कूळवहिवाट अधिनियमाने ते दृढ केले व १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे मालकी संक्रमित होऊ लागली. जमीनमालक विधवा, अज्ञान वा अपंग असल्यास हे संक्रमण लांबणीवर पडे. त्यामुळे विवक्षित दिवशी जमीन कोणाच्या नावे होती, या प्रश्नाला एकाएकी महत्त्व आले. कुळाचा हक्कही वारशाने जाणारा ठरला आणि त्यायोगे जमीनमालकाच्या वारसांसमोर कुळाचे वारस उभे राहिले [⟶ कूळ कायदे].

शेतजमिनीच्या कमाल धारणेचा महाराष्ट्र अधिनियम १९६१ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक हे त्या वेळी राज्याचे महसूलमंत्री होते. २ ऑक्टोबर १९७५ पासून ही मर्यादा कमी करण्यात येऊन कोरडवाहू जमिनीसाठी कुटुंब-घटकास ५४ एकर ठरली. कुटुंब-घटकात पती, पत्नी व अज्ञान अपत्ये यांचा समावेश होत असून सज्ञान मुलाचा हिस्सा वेगळा धरला जात असल्याने मोठ्या घराण्यांत वाटण्यांची घाई झाली. जी वाटणी भाऊबंदकीची निशाणी म्हणून टाळली जाई, तीच आता जमीन राखण्याचे साधन बनली. केवळ कायदा चुकविण्यासाठी केलेल्या वाटण्या ओळखता याव्यात म्हणून २६ सप्टेंबर १९७० नंतरची हस्तांतरणे व वाटण्या संशयास्पद मानण्याची तरतूद करण्यात आली. मात्र या वाटण्यांतही हिस्सा मिळाला तो प्रायः मुलांना. मुलींची नावे त्यांत क्वचितच आली.

मुलींचा हक्क : हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून अमलात आला. विधवेचा मर्यादित हक्क त्याने पूर्ण मालकीत रूपांतरित केला व मुलीला बापाच्या हिश्शात वारस ठरविले; परंतु सहदायाद म्हणून जन्मसिद्ध हक्क मुलांकडेच ठेवला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींनाही सहदायाद केले. या दिनांकापूर्वी विवाहित असलेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद नाहीसा केला आणि त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयीन हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या.

पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून मृत्यू पावलेल्या धारकाच्या ६० एकर वडिलोपार्जित जमिनीचे उदाहरण घेतल्यास या बदलांचा अर्थ स्पष्ट होतो. जुन्या विधीनुसार मुलांत वाटणी झाल्यास आई व दोन मुलगे यांना प्रत्येकी २० एकर मिळत. मुलीला काहीच नसे. १९५६ च्या अधिनियमानुसार (व १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मान्य केलेल्या हिशेबानुसार) मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे कल्पून पती, पत्नी व दोन मुलगे यांचे प्रत्येकी १५ एकर धरले जात. नंतर मृताच्या १५ एकरांची चार वारसांत वाटणी होई. परिणामी आई व मुलगे यांना प्रत्येकी १८·७५ व मुलीस ३·७५ एकर येत. मुलगी सहदायाद झाल्यावर आरंभीचे हिस्से पाच होतात व प्रत्येकी १२ एकर येतात. मृताचे १२ एकर चौघांत वाटले, की आई, दोन्ही मुलगे व मुलगी यांना प्रत्येकी १५ एकर मिळतात. अशा रीतीने मुलीचा हिस्सा शून्यावरून ३·७५ व नंतर १५ एकरांवर आला.

व्यवहारात हा हिस्सा बहुधा हक्कसोडपत्राने भावांकडे परत जातो. विवाहातील खर्च हाच मुलीचा वाटा, अशी समजूत रूढ आहे. माहेरचा आधार तुटण्याची भीतीही असते. शेतकरी संघटनेने १९८९ नंतर चालविलेल्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरण्यात आला होता. पतीच्या हयातीत सात-बाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याच्या विचाराला त्यामुळे चालना मिळाली.

आदिवासींचा वारसा : गोंड, कोलाम, आंध, परधान इ. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू होत नाही. त्यांचा वारसा रूढीनुसार चालतो व रूढीत जमीन सामान्यतः मुलांकडे जाते. यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला एक विशेष बाजू होती. विदर्भातील अनेक जमाती आरंभी विवक्षित भागांपुरत्याच अनुसूचित मानल्या गेल्या होत्या आणि या जिल्ह्यात ते क्षेत्र केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांपुरते होते. त्यामुळे एकाच जमातीच्या दारव्हा वा पुसद तालुक्यातील कुटुंबांना हा दर्जा नव्हता. वारशाबरोबरच जमीन हस्तांतरणापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या बाबतीतही त्यांची स्थिती निराळी राहिली. १९७६ च्या दुरुस्तीने हे क्षेत्रबंधन दूर झाले. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी त्यांना वा त्यांच्या वारसांना परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असा निर्णय दिला, की स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसल्यास समानतेच्या तत्त्वानुसार तिच्या वारसांना समान हिस्सा मिळाला पाहिजे.

नोंद व वहिवाट : महाराष्ट्र जमीनमहसूल संहिता, १९६६ विदर्भासही लागू झाल्याने वऱ्हाडची वेगळी महसुली व्यवस्था संपली. या संहितेनुसार वारशाने हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास खबर द्यावयाची असते. तलाठी फेरफार नोंदवितो, हितसंबंधीयांस सूचना देतो व हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. कलम ८५ अन्वये सहधारकांना जमिनीचे विभाजन मागता येते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. तो केवळ महसुली प्रयोजनासाठी असतो, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. असे असले, तरी पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई व शासकीय अनुदाने या सर्वांसाठी सात-बाऱ्यावरील नावच विचारात घेतले जाते.

यामुळे वारसनोंद न होणे हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. आजोबांच्या नावाखाली अनेक कुटुंबे कसत असलेल्या जमिनीवर प्रत्येकाला स्वतंत्र कर्ज मिळणे दुरापास्त होते व गरजूला खाजगी सावकाराकडे वळावे लागते. यवतमाळ हा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रस्त झालेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. अशा प्रसंगी शासकीय मदतीची पात्रता ठरविताना धारण केलेली जमीन व मान्य स्रोतांकडील कर्ज यांचे कागद पाहिले जातात. ज्याची वहिवाट आहे पण नाव नाही, अशा कास्तकाराच्या कुटुंबाची त्या वेळी अडचण होते; मृत पतीचा हिस्सा सासरा वा दीर यांच्या नावाखाली अविभक्त असल्यास विधवेपुढे प्रथम हिस्सा सिद्ध करण्याचा व नंतर तो प्रत्यक्ष ताब्यात घेण्याचा असा दुहेरी प्रश्न उभा राहतो.

मूल्यमापन : वऱ्हाडातील भूमिवारसाच्या दीड शतकाच्या वाटचालीत मोठी धारणा क्रमाने लोप पावल्या. त्यास समान वाटणी, कर्ज, इजाऱ्यांचे निर्मूलन, कूळ कायदे व कमाल धारणा ही सर्व कारणे सारख्याच प्रमाणात नसली तरी एकत्रित रीत्या जबाबदार आहेत. इंग्लंडमध्ये ज्येष्ठाधिकाराने जमीन एकत्र ठेवली, पण धाकट्या अपत्यांना तिच्यापासून दूर केले. वऱ्हाडात समान वाटणीने सर्व मुलांना जमीन दिली, पण ती अखेर निर्वाहास अपुरी ठरली. दोन्ही पद्धतींत मुलींचा विचार सर्वांत शेवटी झाला. आज कायद्याने हिश्शाचा प्रश्न बव्हंशी सोडविलेला आहे. हिस्सा, नाव व वहिवाट यांत इजाऱ्याच्या काळापासून चालत आलेले अंतर मात्र पुष्कळ कुटुंबांत अद्यापि कायम आहे. वारसांची नोंद वेळीच व पूर्ण होणे, तीत विधवा व मुली यांची नावे सुरुवातीपासून येणे आणि कसणाऱ्याच्या वहिवाटीची दप्तरात दखल घेतली जाणे, यांवरच हे अंतर कमी होणे अवलंबून आहे.